वैशाखातला प्रवास आणि गाडीचे टायर

चप्पल घेताना आपण चार दुकाने पालथी घालतो. टाच पाहतो, अंगठा पाहतो, दोन पावले चालून पाहतो. परंतु ज्या टायरांवर अख्खे कुटुंब बसवून आपण शेकडो किलोमीटर जातो, ते मात्र दुकानदार सांगेल ते आणि सवलत असेल तिथले! वास्तविक मोटारीच्या एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. गाडीचे पळणे, वळणे आणि मुख्य म्हणजे वेळेवर थांबणे, हे सारे या चार तळहातांच्या भरवशावर चालते.

आम्हा बीडकरांना हा विषय अंमळ अधिक जिव्हाळ्याचा. परळीला आगगाडी फार पूर्वीपासून आहे. पण खुद्द बीड शहरातून ती सुटू लागली १७ सप्टेंबर २०२५ पासून. तोवर दवाखाना असो, परीक्षा असो की वरात, आमची सारी भिस्त रस्त्यावर. त्यात अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. तिच्या दर्शनाला पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे नगर, जामखेड, मांजरसुंबा, केज अशी मजल मारीत येतात. शाळेची सुट्टी उन्हाळ्यात आणि लगीनसराईही तेव्हाच. म्हणजे गाडी माणसांनी व बोचक्यांनी भरलेली, पारा चाळिशीपार आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेले. मे महिन्यात हमरस्त्याच्या कडेला फाटक्या टायरची सालपटे पडलेली दिसतात, ती उगीच नव्हेत.

माझा भाचा पुण्यास नोकरीला असतो. त्याने एक चपळ, ठेंगणी, जोरकस इंजिनाची गाडी घेतली आणि तिचे टायर बदलायची वेळ येताच मला फोन केला.

"मामा, मी हाय परफॉर्मन्स समर टायर घेतोय. नावातच समर आहे. तुमच्या बीडच्या उन्हाला याहून चांगले काय असणार?"

"अरे, हा समर कुठला ते आधी पाहा," मी म्हणालो.

नावातला उन्हाळा

युरोपात टायरांचे तीन वर्ग मानतात: उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही. पारा सुमारे ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर ताठरते व पकड सुटू लागते; म्हणून तिकडे बर्फाच्या दिवसांत वेगळे टायर चढवितात. तेव्हा 'समर' याचा अर्थ 'बर्फासाठी नव्हे' एवढाच. त्या हिशेबाने आपल्याकडे दुकानात मिळणारे जवळजवळ सगळेच टायर उन्हाळी! आपला मार्गशीर्षदेखील त्यांच्या उन्हाळ्यात मोडेल.

हाय परफॉर्मन्स टायरचे गुण मात्र खरे आहेत. त्याचे रबर रस्त्याला घट्ट धरते, वळणावर गाडी डगमगत नाही आणि ब्रेक दाबल्यावर ती कमी अंतरात थांबते. किंमत मोजावी लागते ती झिजेच्या रूपाने. चिवट पकडीचे रबर लवकर झिजते, आणि खडबडीत, तापलेल्या रस्त्यावर आणखी लवकर.

टायरवरची अक्षरे

टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याची सारी कुंडली छापलेली असते. भाच्याच्या गाडीला मूळचे टायर होते १९५/५५ आर १६, ८७ व्ही. यातील १९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ८७ हा भाराचा आकडा. तो सांगतो की हा टायर ५४५ किलो तोलू शकतो. 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटरची क्षमता. 'एच' असता तर २१०, 'टी' असता तर १९०.

आता कोणी म्हणेल, २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल वेग १००. मग २४० चा टायर कशाला? तर हे अक्षर केवळ वेगाचे नसते. वेगाबरोबर टायरमध्ये उष्णता वाढते आणि वरचे अक्षर मिळविण्यासाठी टायरला ती अधिक सोसून दाखवावी लागते. वैशाखात ही शिल्लक कामी येते. म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षराखाली उतरू नये.

भाच्याच्या मनात भरला होता २०५/४५ आर १७. दिसायला रुबाबदार! मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. मूळ टायरच्या भिंतीची उंची १०७ मिलिमीटर, नव्याची ९२. खड्डा आणि रिम यांच्यामधले रबर १५ मिलिमीटरने कमी. खड्ड्यात चाक आदळले की अशा टायरला फुगा येतो, नाहीतर अलॉयचे रिम वाकते. शिवाय त्याने पाहिलेल्या टायरवर भाराचा आकडा ८४, म्हणजे ५०० किलो. दर चाकामागे ४५ किलोंची आणि चारी मिळून १८० किलोंची घट.

"मागच्या सीटवर कोण बसणार आहे?" मी विचारले.

"आई-बाबा," तो म्हणाला, आणि थोडा वेळ गप्प झाला.

शेवटी त्याने मूळ मापाचा, ८७ व्ही असाच, पण चांगल्या पकडीचा टायर घेतला.

हवा आणि वय

चांगला टायर घेऊन काम संपत नाही. उन्हाळ्यात टायर फुटतात ते हवा जास्त झाल्याने, असा सार्वत्रिक समज आहे; म्हणून पुष्कळजण मे महिन्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. हे अगदी उलटे आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, आणि या सततच्या दबण्या-उठण्याने आतून तापते. त्यात भरलेली गाडी आणि वेग यांची भर पडली की भिंत फाटते. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटविलेल्या तक्त्यात रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी हवेचे आकडे असतात. ते पाहून सकाळी, टायर गार असताना हवा भरावी. वाटेत दाब तीन-चार पॉइंट चढलेला दिसला तर घाबरून हवा सोडू नये; तापल्यावर तो चढायचाच. नायट्रोजनचेही फार अप्रूप नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. स्टेपनीतली हवा मात्र पाहायला विसरू नये.

टायरचे वयही पाहावे. भिंतीवरील लंबगोलात चार आकडे असतात; २२२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. न वापरताही रबर म्हातारे होते, आणि उष्णतेत अधिक लवकर. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे. दहा वर्षांपुढे, नक्षी शाबूत दिसली तरी, ठेवू नये. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. झीज तिथवर पोचली की टायर संपला. मृगाच्या पहिल्या सरीला असला गोटा झालेला टायर पाण्यावरून घसरत जातो.

दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार ट्रॅक्टरवर संसार बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मांजरसुंब्याच्या घाटात अंधारात पुढे अशी ट्रॉली असते. तिला मागचा दिवा असेलच असे नाही, वर भांडीकुंडी आणि निजलेली पोरे असतात. अशा वेळी आपली गाडी किती पळते याला काडीची किंमत नसते; ती किती हातांवर थांबते यावर दोन कुटुंबांचे दैव ठरते. टायरच्या दुकानात उभे राहाल तेव्हा भाव विचारण्याआधी ती ट्रॉली डोळ्यांपुढे आणा. निवड आपोआप नीट होईल.