मिरज ते गोवा : आधी महिना ठरवा, मग हॉटेल

गाडीने गोव्याला जायचं आणि थेट बीच गाठायचा, हे नेहमीचंच. वाट जरा वाकडी केली तर सुरांचा गोवाही भेटतो.

पुण्याहून निघालात तर पहिला थांबा मिरज. सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तंबोरा कसा होतो, हे मुलांना दाखवा. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आजी-आजोबा सोबत असतील तर मुक्काम इथेच करा. पुढे आंबोलीचा वळणांचा घाट आहे.

खरा पेच तारखांचा. आंबोलीचे धबधबे पावसाळ्यातले. दक्षिण गोव्यातलं कुर्डी मात्र मे महिन्याच्या सुमारास दिसतं. किशोरी आमोणकरांच्या आई मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणात बुडालं. पाणी ओसरलं की घरांचे अवशेष उघडे पडतात. दोन्ही एकाच फेरीत जमणं कठीण. मे निवडलात तर कुर्डीला सकाळीच जा, ऊन भाजून काढतं.

पावसाळा निवडलात तर फोंड्याकडे वळा. दीनानाथ मंगेशकरांचं मंगेशी आणि केसरबाईंचं केरी याच तालुक्यात.

गाणी मात्र घरूनच डाउनलोड करून घ्या. घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.