परिचारिका होण्याआधी

बारावीचा निकाल लागतो आणि नर्सिंगचे वर्ग सुरू व्हायला पुढे काही महिने जातात. या मोकळ्या काळात, किंवा यंदा यादीत नाव लागले नाही म्हणून, अनेक मुली आणि आता मुलगेही रुग्णसेवेचा छोटा अभ्यासक्रम करतात. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हे त्याचे सध्याचे नाव. हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम तयारीने केला तर पुढच्या शिक्षणाचा पाया पक्का होतो. चुकीच्या अपेक्षेने केला तर पैसे जातात आणि वर्षही.

त्यामुळे आधी अपेक्षेबद्दल. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा जाहिरातींना भुलू नये. नर्स म्हणजे नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली व्यक्ती. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून २ वर्षांचा एएनएम, ३ वर्षांचा जीएनएम किंवा ४ वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. असिस्टंटच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही आणि पुढच्या अभ्यासक्रमाचे एक वर्षही कमी होत नाही. बीएस्सीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. एएनएम आणि जीएनएमचा मार्ग इतर शाखांतल्यांनाही खुला आहे. छोट्या अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणाचे आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? खाटांवर खरे रुग्ण नसतील, तर तिथे शिकण्यासारखे फार थोडे आहे.

कारण या कामाचा गाभा खाटेजवळच आहे. डॉक्टर राउंडला येऊन जातात, नर्सकडे एकाच वेळी अनेक रुग्ण असतात. रुग्णाला पुसणे, कूस बदलणे, भरवणे, भांडे देणे ही कामे करताना सहायक त्याच्या सर्वांत जवळ असतो. बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा त्याच्याच नजरेसमोर येते. ती ओळखता आली पाहिजे. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते उगीच नाही.

श्वास मोजण्याचेच पाहा. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा आकडा घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो. ‘श्वास मोजतेय’ असे सांगितले की रुग्णाचा श्वास बदलतो, म्हणून बोटे नाडीवरच ठेवून नजर छातीवर ठेवतात. वॉर्डातल्या कागदांवर ओळीने सगळ्यांपुढे ‘२०’ लिहिलेले असेल, तर कोणी मोजलेलेच नाही असे समजावे. न्यूमोनियाचा किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचा इशारा अनेकदा या वाढत्या आकड्यातूनच आधी मिळतो.

दुसरे उदाहरण पाठीच्या जखमांचे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर २ तासांनी बदलतात. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहायची. दाबल्यावरही न जाणारी लाली ही सुरुवातीची खूण. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही, त्यामुळे हात लावून पाहावे लागते: भोवतालच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा मऊ लागते का? स्पिरिट आणि पावडर लावून अशी जागा चोळण्याची सवय घरोघरी अजून आहे. चोळल्याने आतल्या दुखावलेल्या पेशींना आणखी इजा होते. तिथला दाब काढणे हाच उपाय.

अर्धांगवायूच्या रुग्णाला आडवे ठेवून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. गिळता येते याची खात्री नर्सने करून दिल्यावरच त्याला ताठ बसवून थोडे थोडे भरवायचे आणि नंतर अर्धा तास तसेच बसते ठेवायचे. किती पाणी प्यायले, किती लघवी झाली याची नोंद मिलिलिटरमध्ये हवी. ‘एक तांब्या’ लिहून भागत नाही. तो तांब्या एकदा मापून ठेवावा.

ही कामे शिकायला जाण्याआधी घरी करायची तयारी थोडी आहे, पण ती वेळेवर व्हावी लागते. पहिली, हिपॅटायटिस-बीची लस. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे ठरल्या दिवसापासूनच सुरुवात करायला हवी. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत तो सुमारे ०.३ टक्के आहे. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी संरक्षण तयार झाले का, याची रक्ततपासणी करता येते.

दुसरी तयारी गणिताची. मिलिलिटर, ग्रॅम, टक्के, २४ तासांचे घड्याळ यांत अडखळायला नको. तिसरी शरीराची: गुडघ्यांतून वाकणे, ओझे अंगाजवळ धरणे, रुग्णाला ओढण्याऐवजी दोघांनी चादरीच्या मदतीने सरकवणे. कंबर गेली की नोकरी जाते. चौथी हातांची: नखे कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या, साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुण्याची सवय. वापरलेली सुई पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हे रंगही आधीच पाठ असावेत.

सहायकाने काय करायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, औषधाचा डोस ठरवणे हे त्याचे काम नाही. माणसे कमी असलेल्या दवाखान्यात किंवा घरगुती सेवेत ‘एवढे टोचून टाक’ असे सांगितले जाते आणि नवीन मुलीला नाही म्हणणे जड जाते. रुग्णाला काही झाले, तर ‘मला सांगितले होते’ हा बचाव तिच्या कामी येणार नाही. ‘मला ते शिकवलेले नाही, नर्सना बोलावते’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून तोंडात बसलेले असावे.

शेवटी, या महिन्यांत एक गोष्ट पुस्तकाशिवाय कळते. शौचाचा वास, पू भरलेली जखम, रात्रपाळी, चिडलेले नातेवाईक आणि पहिला मृत्यू हे सगळे सोसते का? पहिल्या आठवड्यात मळमळले किंवा रडू आले तर तेवढ्यावरून निकाल लावू नये. बहुतेकांना सवय होते. पण दोन-तीन महिन्यांनंतरही ड्यूटीच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर जीएनएमच्या दुसऱ्या वर्षी फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आताच कळलेले बरे. आईवडिलांनीही तेव्हा ‘चार लोक काय म्हणतील’ हे बाजूला ठेवून मुलीचे ऐकावे. प्रयोगशाळा, औषधनिर्माण, क्ष-किरण विभाग असे आरोग्यसेवेतले इतर मार्ग तिला तेव्हाही खुले असतात.