युकुलेलेचे पडदे: कानाने नव्हे, मापाने

आपल्याकडे पडदा म्हटलं की डोळ्यांसमोर सतार येते. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतारीचेही कमानदार पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक एखादा पडदा बोटाने वरखाली सरकवतो. नाशिकमध्ये घरी युकुलेले बनवायला घेणाऱ्या ज्या मंडळींशी माझं बोलणं होतं, त्यांचा पहिला गैरसमज इथूनच आलेला असतो. आधी अंदाजाने पडदे बसवू, मग कानाने जुळवू, असं त्यांना वाटतं. पण युकुलेलेत पडद्याची खाच करवतीने एकदा पाडली की ती जागा कायमची. म्हणून करवत हातात घेण्याआधी गणित पुरं व्हायला हवं.

ते गणित अवघड नाही. नटपासून, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात तिथपासून, घोडीपर्यंतची तारेची लांबी युकुलेलेच्या काँसर्ट आकारात साधारण ३८० मिमी धरतात. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट, म्हणजे पडदा, नटपासून २१.३३ मिमीवर येतो. उरलेल्या ३५८.६७ ला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की पुढचं अंतर २०.१३ मिमी. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, १९० मिमीवर पडतो आणि तिथे वरचा सा मिळतो. मात्र आखणी करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यावं. एका खाचेपासून पुढची खाच मोजत गेलात तर पेन्सिलच्या रेघेच्या जाडीएवढ्या चुकाही साठत जातात.

"१८ ने भागलं तरी चालतं, जुने कारागीर तसंच करायचे." यात अर्धं सत्य आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये ल्यूटसाठी १८:१७ हेच प्रमाण सांगितलं होतं. पण ३८० मिमीच्या तारेवर या हिशेबाने बारावा फ्रेट १८८.६ मिमीवर येतो, म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर अलीकडे. तार दाबली की ताणली जाऊन थोडी चढते, त्यामुळे जुन्या वाद्यांत ही उणीव काही अंशी झाकली जात असे. आज १७.८१७ सोडण्याचं कारण मला दिसत नाही. दाबल्याने चढणाऱ्या सुराची सोय घोडीपाशी करता येते: तारेचा टेकू ३८० वर न ठेवता दोनेक मिलिमीटर मागे घ्यायचा. बारावा फ्रेट निम्म्यावर आहे म्हणून टेकूही काटेकोर दुप्पट अंतरावर हवा, हा समज इथेच सुटतो.

धातूबद्दल तर फार बोललं जातं. फ्रेटच्या तारेला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यात चांदी असेल असं वाटतं. भांड्यांच्या दुकानात जे जर्मन सिल्व्हर मिळतं तेच हे: तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कणही नाही. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट जास्त टिकतात हे खरं, पण झीज मुख्यतः पोलादी तारांमुळे होते. युकुलेलेवर नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनच्या तारा असतात. त्यांच्याखाली साधं निकेल सिल्व्हर वर्षानुवर्षं टिकतं आणि कानसही त्यावर सहज चालते. गिटारचे जाड, उंच फ्रेट मात्र टाळा. तारा मऊ असतात, बोट जोरात पडलं की सूर चढतो. सुमारे २ मिमी रुंद आणि १ मिमी किंवा त्याहून कमी उंच फ्रेट पुरे.

खरी मेहनत फ्रेट ठोकण्यात आहे. "खाच जितकी घट्ट, तितका फ्रेट पक्का" हे मी बऱ्याच वेळा ऐकलं आहे. फ्रेटच्या खालची धार पाचरीसारखी काम करते. खाच गरजेपेक्षा अरुंद असेल तर बारा-पंधरा पाचरी मिळून फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी मागे वाकवतात, आणि युकुलेलेच्या दांडीत ते सरळ करणारी लोखंडी सळई सहसा नसते. फ्रेटच्या बहुतेक तारांना ०.६ मिमीच्या आसपासची खाच लागते, पण आधी टाकाऊ तुकड्यात एक फ्रेट ठोकून पाहावा. खाचेच्या कडा त्रिकोणी कानशीने किंचित उतरवल्या की फ्रेट सरळ शिरतो आणि पुढे कधी काढावा लागला तर लाकडाची कपची निघत नाही. सगळे बसले की लागोपाठ तीन फ्रेटवर छोटी पोलादी पट्टी ठेवा. ती डुलली तर मधला उंच आहे.

पहिल्या दोन-तीन पडद्यांवरच सूर चढा लागतो तेव्हा दोष फ्रेटला दिला जातो. तिथे बहुधा नट उंच असतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर पाहा: कागदाएवढी फट असावी. जास्त असेल तर नटची खाच हळूहळू खोल करा, एकदम नाही.

पट्टीला बाक नसला तर वाद्य हलक्या दर्जाचं, हाही गैरसमजच. मूळ हवाईयन युकुलेलेंची पट्टी सपाट असे. बाक दिल्याने बोट आडवं टाकून कॉर्ड धरणं काहींना सोपं जातं, एवढंच.

लाकडाचं म्हणाल तर शिसव उत्तम. जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांना सह्याद्रीतलं हे झाड ओळखीचं आहे. पण ते मुरलेलं हवं. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड ओल घेतं आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात आडवं आकसतं, धातू मात्र तेवढाच राहतो. मग फ्रेटची टोकं पट्टीबाहेर येऊन तळहाताला टोचतात. जुलैत जोडलेल्या वाद्याची टोकं म्हणून मी उन्हाळ्यात पुन्हा एकदा कानशीने घासतो.