बहिणीची वही आणि सरोवराकाठची वाट

पंढरीची वाट आपल्याला पाठ असते. यवतला पिठलं-भाकरी, बेलवाडीला गोल रिंगण, हे सांगायला नकाशा लागत नाही. इंग्लंडात एक वेगळीच पायी फेरी निघते. ती देवाच्या दारी जात नाही. एखाद्या कवीला कविता सुचली ती टेकडी, तो ओढा, ती झाडं पाहायला लोक जातात. सोबत एक वाटाड्या किंवा वाटाडी असते, ती थांबत थांबत माहिती सांगते. आज या फेऱ्यांबद्दल बोलू. त्यात बायकांचा वाटा किती, हेही पाहू, कारण तो पुष्कळ वर्षं कुणी मोजलाच नव्हता.

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. लेक म्हणजे सरोवर. तिथला सर्वांत उंच डोंगर ९७८ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे बराच ठेंगणा. पाऊस भरपूर, मेंढ्या भरपूर आणि शेताशेतांमध्ये माती-चुन्याशिवाय नुसत्या दगडांनी रचलेल्या भिंती. कोकणातल्या बहिणी त्याला गडगा म्हणतील.

या मुलखातल्या ग्रासमिअर गावी १७९९ च्या डिसेंबरात विल्यम वर्डस्वर्थ हा कवी आणि त्याची बहीण डोरोथी राहायला आले. आई गेली तेव्हा डोरोथी सहा वर्षांची होती. तिला नातेवाइकांकडे पाठवलं आणि भावंडांची ताटातूट झाली. मोठेपणी ती भावाजवळ आली, ती कायमची.

ग्रासमिअरला डोरोथी रोजनिशी लिहायची. आज पाव भाजला, कपडे धुतले, बागेत काम केलं, दारात कोण भिकारीण आली, कुठल्या टेकडीवर कसं ऊन पडलं होतं, असं सगळं त्या वहीत आहे. ही वही तिने घरातल्यांसाठी लिहिली होती, छापण्यासाठी नाही.

१५ एप्रिल १८०२ ला बहीणभाऊ अल्सवॉटर नावाच्या सरोवराच्या काठाने चालत निघाले होते. वारा जोराचा होता. झाडांखाली त्यांना डॅफोडिल नावाची पिवळी रानफुलं दिसली. आधी थोडी, मग काठाने लांबच लांब पट्टा. कुठली फुलं दगडाला टेकली आहेत, कुठली वाऱ्याने डोलताहेत, हे डोरोथीने बारकाईने वहीत उतरवलं. त्यानंतर साधारण दोन वर्षांनी विल्यमने या फुलांवर कविता लिहिली. ती १८०७ मध्ये छापली गेली आणि जगभर शाळांमधून शिकवली गेली. कवितेत कवी एकटाच भटकतो आहे. बहीण त्यात नाही! तिच्यातल्या दोन ओळी विल्यमच्या बायकोने, मेरीने सुचवल्या होत्या, हे मात्र त्याने स्वतःच सांगून ठेवलं.

हे एकदाच झालं असंही नाही. तळ्यातल्या जळवा गोळा करून विकणारा एक म्हातारा या भावंडांना रस्त्यात भेटला होता. त्याची हकिगत डोरोथीने १८०० मध्ये वहीत टिपली. दोन वर्षांनी विल्यमने त्याच्यावर कविता लिहिली. विल्यमने चोरी केली, असं कुणी म्हणू नये. तो मोठा कवी होता आणि बहिणीवर त्याचा जीव होता. पण पाहणारे डोळे दोघांचे होते आणि नाव एकाचं झालं. डोरोथी १८५५ मध्ये वारली. तिची वही तिच्या हयातीत छापली गेली नाही. आज मात्र अल्सवॉटरच्या काठावर वाटाडी उभी राहते, तेव्हा आधी डोरोथीच्या वहीतलं पान वाचते आणि मग भावाची कविता.

आपल्याकडे बहिणाबाईंचं आठवा. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात गेल्या आणि घरच्यांनी ते टिपून ठेवलं. पुस्तक १९५२ मध्ये निघालं, त्या गेल्यावर. टिपलं गेलं म्हणून उरलं.

आता ही फेरी चालते कशी, ते पाहू. ग्रासमिअरहून रायडल गावाकडे जाणारी एक जुनी पायवाट आहे. पूर्वी रायडलची माणसं मयत खांद्यावर घेऊन या वाटेने ग्रासमिअरच्या चर्चला यायची. वाटेत शवपेटी टेकवायला एक सपाट दगड आहे. आपल्याकडे तिरडी टेकवतात तो विसावा, अगदी तसाच. वाट अडीच-तीन किलोमीटरची. एका टोकाला भावंडांचं ग्रासमिअरमधलं पहिलं घर, दुसऱ्या टोकाला विल्यमचं म्हातारपणीचं घर. वाटाडी फार चालवत नाही, थांबवते जास्त. विसाव्याच्या दगडाशी गावाची रीत सांगते, झऱ्यापाशी वहीतला उतारा वाचते, आणि मग थोडा वेळ सगळ्यांना गप्प उभं करते.

या वाटा पुष्कळदा शेतकऱ्याच्या खासगी जमिनीतून जातात. तिथल्या कायद्याने अशा नोंदलेल्या पायवाटांवरून कुणालाही चालता येतं. पण चालणाऱ्यानेही पथ्य पाळायचं. वाट सोडायची नाही, फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, मेंढ्या विण्याच्या दिवसांत कुत्रा दोरीला बांधायचा.

ही जमीन टिकली, त्यातही एका बाईचा हात आहे. बिआट्रिक्स पॉटर लंडनची. मुलांसाठी सशांच्या, बदकांच्या गोष्टी लिहून चित्रं काढायची. पुस्तकांच्या मिळकतीतून आणि वारशाच्या पैशातून तिने १९०५ मध्ये या मुलखात हिल टॉप नावाचं शेत घेतलं. मग एकेक शेत विकत घेत गेली. हर्डविक या तिथल्या काटक जातीच्या मेंढ्या पाळल्या, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. १९४३ मध्ये ती वारली तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन तिने नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. डोंगरावरच्या शेतांत हर्डविक मेंढ्याच राहाव्यात, हेही सांगून गेली. ही संस्था १८९५ मध्ये तिघांनी मिळून काढली होती. त्यातली एक ऑक्टेव्हिया हिल, गरिबांच्या घरांसाठी झटणारी बाई.

पाहुणे आले की पैसा येतो. चहा, घरचा केक, राहायला खोली, सकाळची न्याहारी यांवर तिथल्या अनेक शेतकरी घरांना जोडधंदा मिळाला. पण दुसरी बाजूही आहे. हजारो बुटांनी डोंगरवाटा झिजल्या, पाण्याने त्यांचे ओहोळ झाले. आता दगड बसवून त्या दुरुस्त कराव्या लागतात. बाहेरच्या श्रीमंतांनी सुट्टीसाठी घरं घेतली आणि गावच्या तरुण जोडप्यांना गावातच घर परवडेना. हा वाद जुना आहे. १८४४ मध्ये रेल्वे येणार म्हटल्यावर खुद्द विल्यमने विरोध केला होता. गरीब कामगारांनी हे डोंगर पाहूच नयेत का, असं तेव्हाही लोकांनी विचारलं. रेल्वे आली. प्रश्न अजून तिथेच आहे.

म्हणून आपल्या गटाने अशी फेरी काढायची म्हटली, तर चार गोष्टी आधी ठरवा. वाट कुणाच्या बांधावरून जाते, त्याला विचारा. एका वेळी माणसं मोजकी घ्या. पाणी आणि संडासाची सोय आधी, जाहिरात मागून. आणि पैसा कुणाच्या हातात जाणार, तो गटाच्या खात्यात कसा येणार, हे वहीत लिहून सह्या करा.

कवी गावचाच हवा, असं नाही. जात्यावरच्या ओव्या, ओढ्याचं नाव, देवराईची गोष्ट ठाऊक असलेली एखादी आजी प्रत्येक गावात असते. पुढच्या बैठकीला एक कोरी वही न्या. आजीला बोलतं करा, शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहायला बसवा. आणि पहिल्या पानावर आजीचं नाव लिहायला विसरू नका.