बेटावरचा दवाखाना तासांत मोजावा
लेखमाला : प्रवास आणि प्रकृती (लेखांक ७)

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अंदमानच्या सहलींची ठरवाठरवी सुरू होते. मराठी माणसाला अंदमानची ओढ केवळ समुद्रकिनाऱ्यासाठी नसते. ४ जुलै १९११ रोजी सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्ये आणले, तिथली कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा अनेक घरांत वर्षानुवर्षे असते. ती पुरी होते बहुधा निवृत्तीनंतर, मुले कमावती झाल्यावर. म्हणून मेहकरसारख्या गावातून निघणाऱ्या कुटुंबात साठी-सत्तरीचे आई-वडील हमखास असतात आणि त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्याही असतात. मागच्या लेखात उंच पर्वतांवरच्या विरळ हवेचा विचार केला. आज उष्ण प्रदेशातल्या बेटांचा करू. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आजारी पडल्यावर जे निर्णय आपण गावात घेतो, ते बेटावर जाताना निघण्यापूर्वीच घेतले पाहिजेत, कारण तिथे त्यांना वेळ मिळेलच याची खात्री नसते.

मेहकरात रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखू लागले तर घरचे काय करतात? १०८ ला फोन लावतात, नाहीतर शेजाऱ्याची गाडी काढतात. गावात प्रथमोपचार होतो आणि गरज पडली तर रुग्णाला बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवतात. अंतर बरेच आहे, पण रस्ता रात्रीही खुला असतो. बेटावर रस्ता धक्क्यापाशी संपतो. तिथून पुढे बोट हवी, आणि बोट सुटते तिच्या वेळेला, तीही समुद्र शांत असेल तरच. हॅवलॉक बेट, म्हणजे आजचे स्वराज द्वीप, नकाशावर राजधानीच्या अगदी जवळ दिसते. खासगी बोटीने दीड-दोन तासांचा प्रवास आहे. मात्र दिवसाची शेवटची बोट निघून गेली की तेच अंतर दुसऱ्या सकाळपर्यंत लांबते. बेटावर दवाखाना किती किलोमीटरवर आहे हे विचारून उपयोग नाही. आत्ता निघालो तर किती तासांत पोहोचू, हा प्रश्न विचारावा लागतो.

आता तिथली आरोग्यव्यवस्था पाहू. राजधानीत, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून श्री विजय पुरम असे नाव मिळालेल्या पोर्ट ब्लेअरमध्ये, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय हे बेटांवरचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. ते १९६३ मध्ये सेल्युलर जेलच्या आवारातच उभे राहिले आणि आज तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. शहरात नौदलाचे ‘धन्वंतरी’ हे रुग्णालयही आहे. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, यांवर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. तिथे ताप, जुलाब, जखमा यांवर नीट उपचार मिळतात. पण अतिदक्षता विभाग किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांची अपेक्षा प्राथमिक केंद्राकडून कुठेच करता येत नाही, आपल्या तालुक्यातही नाही. सहलीचा नेहमीचा क्रम या व्यवस्थेशी ताडून पाहा. पहिल्या दिवशी पर्यटक सेल्युलर जेल पाहतो तेव्हा मोठे रुग्णालय त्याच्या शेजारी असते. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो बोटीत बसतो आणि पुढचे तीन-चार दिवस त्या रुग्णालयापासून दूर राहतो. ही सुरुवात होते तीही मेहकरहून नागपूर किंवा मुंबई, तिथून चेन्नई किंवा कोलकाता असा रात्रभराचा जागरणाचा प्रवास अंगावर असताना.

काही आजारांत हे तास निर्णायक ठरतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. सायंकाळी सहा वाजता लहान बेटावर तोंड वाकडे झाले, हात उचलेना, तर साडेचार तासांचा हिशेब किती कठीण होतो हे वेगळे सांगायला नको. यावर कुणी म्हणेल की तिथे हेलिकॉप्टर आहे. ते खरे आहे, प्रशासन गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने हलवते आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले आहेत. पण हेलिकॉप्टरलाही प्रकाश, हवामान आणि उपलब्धता यांच्या मर्यादा असतात, आणि त्यावर पहिला हक्क बेटावर बारा महिने राहणाऱ्यांचाही असतो. हवामान बिघडले की काय होते हे डिसेंबर २०१६ मध्ये दिसले. वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले, बोटी बंद पडल्या आणि अखेर नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी लोकांना बाहेर काढले. अशा वेळी मोजून आठ दिवसांच्या गोळ्या घेऊन गेलेल्या माणसाला नवव्या दिवशी गोळी कुठून मिळणार?

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. दरवर्षी लाखो लोक जातात, हसतखेळत परत येतात. मग ही भीती कशाला? जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना फार तर बोट लागते, उन्हाने कातडी भाजते, पोट बिघडते, हे मलाही मान्य आहे. पण म्हणूनच तयारी सोपी आहे. नेहमीच्या तक्रारींना गाडी लागण्याची गोळी, ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, जखमेवरचे मलम आणि पट्ट्या एवढे पुरते. राहिलेल्या थोड्या गंभीर शक्यतांसाठी बेत आखताना थोडा विचार पुरतो. अंदमानचा इतिहासही हेच शिकवतो. मुंबई मरीनमधला अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअर याने १७८९ मध्ये वसवलेली वसाहत १७९२ मध्ये उत्तरेकडे हलवली गेली आणि १७९६ मध्ये आजारपण व मृत्यूंमुळे साफ सोडून द्यावी लागली. डास ताप पसरवतात हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. आज तिथले आजार कोणते, कसे होतात आणि कसे टाळता येतात हे आपल्याला माहीत आहे. माहिती हाताशी असताना ती न वापरणे याला धाडस म्हणता येणार नाही.

आपल्या भागातला खास आक्षेप उन्हाविषयी असतो. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या वर पारा जाणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला तिथल्या तीस-एकतीस अंशांचे काय? उत्तर दमटपणात आहे. घाम वाळतो तेव्हा शरीराची उष्णता सोबत घेऊन जातो, त्यामुळे आपण थंड राहतो. मेहकरच्या कोरड्या हवेत घाम आला कधी आणि वाळला कधी ते कळत नाही. समुद्राच्या ओलसर हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते आणि अंग मात्र तापलेलेच राहते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना हे जास्त बाधते. त्यातच जुलाब झाले तर रक्तदाब एकाएकी उतरून चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. अशा वेळी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. दुपारी अकरा ते तीन सावलीत राहावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ओआरएसचे पाकीट संपले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे.

पाण्याबाबतचा फाजील विश्वास याहून घातक आहे. विहिरीत आणि पैनगंगेच्या डोहात पट्टीचे पोहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण विहिरीचे पाणी ओढून नेत नाही. समुद्रात किनाऱ्याकडे आलेले पाणी अरुंद पट्ट्यांतून वेगाने आत परतते. अशा ओढीत सापडल्यावर थेट किनाऱ्याकडे झुंजत पोहणारा दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडणे आणि मग वळणे हा सुटकेचा मार्ग आहे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत आणि २०१० मध्ये राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. म्हणून मनाईचा फलक दिसला की वाद न घालता पाण्याबाहेर राहावे. स्कूबा डायव्हिंगपूर्वी भरून घेतात तो आरोग्याचा तक्ता खरा भरावा. दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार लपवून पाण्याखाली जाणाऱ्याचा जीव त्या एका खोट्या उत्तरावर टांगलेला असतो. बुडी मारताना दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास, अनेक बुड्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. परतीच्या आदल्या संध्याकाळी डायव्हिंग ठेवणारा बेत म्हणूनच नाकारला पाहिजे.

‘टूर मॅनेजर सोबत आहे, तो पाहील,’ असेही म्हटले जाते. तो धावपळ करील, डॉक्टर बोलावील, पण वडिलांना स्टेंट कोणत्या वर्षी बसवला, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे तो सांगू शकणार नाही. अनोळखी डॉक्टरला पहिल्या दहा मिनिटांत हेच हवे असते. म्हणून एका कागदावर आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, रक्तगट, घरच्या डॉक्टरांचा फोन, आणि त्याला जोडून शेवटचा ईसीजी, असे छोटे टिपण प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात असावे आणि त्याचा फोटो बरोबरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये. औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या सूचीबद्ध रुग्णालयांतही चालते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण मिळू शकते. मात्र ते रुग्णालयातल्या भरतीसाठी आहे. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च प्रवास विम्यात धरला आहे का, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावे.

सहल संपली म्हणजे जोखीम संपली असेही नाही, आणि इथे मेहकरच्या डॉक्टरांची भूमिका सुरू होते. १९८८ पासून अंदमानात ताप, खोकल्यातून रक्त आणि झपाट्याने मृत्यू अशी एक साथ दिसू लागली. नेमके कारण न कळल्याने तिला अंदमानचा रक्तस्रावी ताप म्हणत. १९९३ मध्ये तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचे निष्पन्न झाले. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने अनुभवला तोच हा आजार. उंदीर आणि गुराढोरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो. अंदमानात पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे नेमका दिवाळीच्या सुमारास त्याचा जोर असतो. भातशेतीत राबणाऱ्यांना धोका मोठा आणि पर्यटकाला कमी. तरी पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नये. लक्षणे सहसा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, कधी महिन्याभरानेही. डेंग्यू ४ ते १० दिवसांत उमटतो, मलेरियाला आठवड्यापासून काही महिन्यांपर्यंत कितीही अवधी लागू शकतो. म्हणजे ताप येईल तेव्हा आपण मेहकरात असू. ‘अंदमानला जाऊन आलो, अमुक तारखेला परतलो,’ हे वाक्य आपणहून डॉक्टरांना सांगितले तर योग्य तपासणी पहिल्याच दिवशी होते. तोवर पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टेंट किंवा हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल, तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

मग वृद्ध आई-वडिलांना नेऊच नये का? न्यावे, अवश्य न्यावे. बदलायचा आहे तो कार्यक्रमाचा क्रम. पहिला पूर्ण दिवस राजधानीत विश्रांतीचा ठेवावा, जेल आणि तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहावा, रक्तदाब-साखर तपासावी आणि प्रकृती ठीक असेल तरच बोटीत बसावे. परतीच्या विमानाआधी निदान एक दिवस पुन्हा राजधानीत असावे, म्हणजे बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या व्यक्तीने लहान बेटांवरचा मुक्काम टाळून राजधानीतच राहावे. जे पाहण्यासाठी मराठी माणूस इतक्या दूर जातो ते तिथेच आहे, आणि मोठे रुग्णालयही त्याच आवारात. सहल कंपनीला पैसे भरण्याआधी एवढा बदल मागून पाहा. तो मिळत नसेल तर दुसरी कंपनी शोधा, कारण बेटावरच्या रुग्णाला डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती तास लागणार, हे बऱ्याच अंशी त्याच दिवशी ठरलेले असते.