वादळं जुनीच, समुद्र मात्र तापलेला

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांत सुपारीची झाडं कमरेत मोडून आडव्या माडांवर पडली. त्यांच्यावर चढवलेले मिरवेलही गेले. ‘वादळं पूर्वीही यायचीच, १९४८ साली मुंबईला झोडपलंच होतं,’ असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. एकट्या ‘निसर्ग’वरून हवामानबदल सिद्धही होत नाही. पण प्रश्न एका वादळाचा नाहीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. वादळाला बळ मिळतं ते पाण्याच्या उष्णतेतून, आणि हा समुद्र तापतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: किनाऱ्यालगत बांधकामं वाढली, म्हणून नुकसान वाढलं. घरांपुरतं ते बऱ्याच अंशी पटतं. मात्र सुपारीच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या तिथेच आहेत. ‘निसर्ग’नंतर सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, हे चांगलंच झालं. पण इथली वाडी गुंठ्यांत मोजतात, आणि गुंठ्याला ते जेमतेम ५०० रुपये होतात. नव्याने लावलेली सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. आणि ‘निसर्ग’नंतर पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं.