जायफळाची कॉफी

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षघड गारठू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशी थंडी कॉफीच्या झाडाला सोसत नाही. अरेबिकाला हजार मीटरच्या आसपासचा डोंगर, मोठ्या झाडांची सावली आणि सौम्य हवा लागते. महाराष्ट्रात तसं ठिकाण म्हणजे मेळघाटातलं चिखलदरा. तिथे ती पिकते, पण थोडीच.

कॉफी पिण्याची मराठी रीत मात्र गोदाकाठीही तीच: दूध, साखर, कॉफी आणि वर किसलेलं जायफळ.

कॉफी मूळची इथिओपियाच्या जंगलातली. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जपासाठी जागताना ती पीत. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी तिथून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. जायफळ आलं उलट दिशेने, इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून. आता ते कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून घेतलं जातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ असे वाणही दिले आहेत.

पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत जायफळ घालणाऱ्या घराने ते कॉफीतही घालावं, हे ओघानेच आलं. जायफळाचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल दुधाच्या स्निग्धपणात छान मुरतं. बिनदुधाच्या कॉफीत तोच कीस नुसता तरंगत राहतो.

दाक्षिणात्य फिल्टर कॉफीचा रुबाब वेगळा. डिकॉक्शन, चिकोरीचा कडसर दाटपणा, डबरा-टंबलर. तिच्यापुढे मराठी कॉफीला ‘कॉफीचं दूध’ म्हणून हिणवतात, ते अन्यायाचं आहे. इथे दूधच मुख्य. कॉफीने त्याला कडू धार द्यायची आणि जायफळाने ऊब. मात्रा सांभाळणं हेच खरं कसब. कपाला चिमूटभर पुरे, जास्त झालं की जीभ कडवट होते. जायफळ गुंगी आणतं, हे आज्यांना पक्कं ठाऊक. बाळगुटीतही सहाणेवर त्याचे एक-दोनच वेढे द्यायचे.

दूध साखर घालून मंद आचेवर उकळायचं, कॉफी घातल्यावर एकच उकळी, मग गॅस बंद करून अख्खं जायफळ वरून किसायचं. डबीतल्या तयार पुडीचा वास लवकर उडतो. चिखलदऱ्याची कॉफी, कोकणातलं जायफळ आणि निफाडच्या उसाची साखर असा कप नाशिकच्या एखाद्या हॉटेलने पाटीवर लिहून विकायला हवा.